चार-सोळाची कोरी चिठ्ठी

अकरा विमानतळ मोजून झाले होते, हा बारावा. मोजणीसाहेबांचे थकलेले डोळे आता विमानांकडे बघतच नसत, दोन विमानांमधल्या फटीकडे बघत. उतरलेलं विमान किती सेकंदांत धावपट्टी सोडतं, जड विमानाच्या मागे हलक्याला किती थांबावं लागतं, सगळं वहीत. इथे धावपट्टी एकच. तासाला एकतीस विमानं होत, वरच्यांना बत्तीस हवी होती. नाही झाली, तर निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना साहेबांची उचलबांगडी ठरलेली.

घोडं एकाच जागी अडत होतं. मनोऱ्यातून पंचवीस वर्षं विमानं उतरवणाऱ्या ताई समोरच्या फळीवर प्रत्येक विमानाची चिठ्ठी ओळीने लावत. रोज दुपारी चार-सोळाला त्यात एक चिठ्ठी कोरी असे, आणि तेवढा वेळ कुणालाच उतरू देत नसत.

"ही कुणाची?"

"माहीत नाही. आधीचे लावायचे, मी लावते."

"बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तसं चाललंय तुमचं."

"मग उचला रुमाल," ताई म्हणाल्या. "मी नाही उचलणार."

साहेबांनी उचलला. शुक्रवारी त्या जागी नवं विमान बसवलं. लेक भेटायला येणार होती, तिला नेमकं त्याचंच तिकीट मिळालं.

चार-सोळा. लख्ख ऊन, धावपट्टी मोकळी. विमानाची चाकं टेकणार, तेवढ्यात वैमानिक म्हणाला, "पुढचं अजून धावपट्टीवरच आहे. वर घेतोय."

पुढे काहीच नव्हतं.

ताईंनी मान वर केली नाही. बंद काचांच्या आत जळक्या रबराचा वास आला. साहेबांनी हातातल्या, सेकंद मोजायच्या घड्याळाकडे पाहिलं. विमान धावपट्टीबाहेर पडलं की अंगठा आपसूक बटण दाबतो, तसं ते दाबलेलं होतं.

बावन्न सेकंद.

लेकीचं विमान चार-एकतीसला उतरलं. साहेबांनी वहीतले बत्तीस खोडून एकतीस केले. उचलबांगडी तर उचलबांगडी. मग जिना उतरून ते तिला घ्यायला गेले.

"किती वाळलात हो बाबा," लेक म्हणाली. "आणि हे काय, इथे दोनदा उतरवतात?"

"उतरलात कुठे? वरच्या वर फिरवलं तुम्हाला."

"काहीतरीच. दार उघडलं होतं की. माझ्या शेजारच्या आजी तर तेव्हाच उतरून गेल्या. मीही उठत होते, पण कमरेचा पट्टा काही केल्या सुटेना."