दोन छोट्या, एक लांब

ए, तो मोबाईल उलटा ठेव आधी. मधेच कोणाचा तरी वाजायचा आणि तुमचीच बोबडी वळायची. बसा जरा सरकून. दार राहू दे लोटलेलं, मामा आहे ना इथे.

ही ऐकीव गोष्ट नाही बरं. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला माणूस. इलेक्ट्रिशियन. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. हातात कसब होतं, पण एक खोड वाईट. काम नव्वद टक्के करायचा आणि "उरलेलं उद्या येऊन करतो" म्हणत पिशवी उचलायचा. तो उद्या कधी उजाडेल ते देवालाच ठाऊक!

तर गेल्या डिसेंबरात त्याला एका काकूंच्या मुलीचा फोन आला. मुलगी दूर राहते, काकू घरात एकट्या. त्यांच्या दाराला टेस्टरनेच महिन्याभरापूर्वी कॅमेऱ्याची बेल बसवली होती, म्हणजे दारात कोण आलंय ते मुलीला तिकडे मोबाईलवर दिसावं. मुलगी वैतागली होती. "दादा, रोज रात्री दोन वाजून बारा मिनिटांनी ती बेल बंद पडते. मग आपोआप चालू होते. आणि आई म्हणते, बाबा आलेत. तुम्ही ते नीट करा, नाहीतर मी आईला इकडे घेऊन येते. वेड लागेल तिला."

टेस्टर तीनदा जाऊन आला. जुना ट्रान्सफॉर्मर आठ व्होल्टचा होता, तो काढून सोळाचा लावला. फाटकापर्यंत फिरवलेली बारीक तार काढून जाड तार थेट दारापर्यंत ओढली. सगळे जोड कापून नवे केले. रात्री अंधारात बघायला कॅमेरा स्वतःचे दिवे लावतो, तेव्हा जास्त वीज ओढतो, म्हणून बंद पडत असेल असं त्याला वाटलं. बरोबरच होतं त्याचं. पण मग दोन बारालाच का? आठ वाजता का नाही?

शेवटी अकरा तारखेला, गुरुवारी, तो व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन रात्रीच त्यांच्याकडे जाऊन बसला. दिवाणखान्यात स्टुलावर. मीटरच्या दोन सुया तारांना लावून. काकू समोरच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या.

"झोपा की काकू," तो म्हणाला.

"झोप?" काकू हसल्या. "झोपले होते ना एकदा. पुरे झालं."

आता ते काय, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी काका गावाहून रात्री उशिरा, दोनच्या सुमारास परतले. किल्ली विसरलेले, मोबाईल बंद. सकाळी दूधवाल्याला ते फाटकाशी पडलेले दिसले. हृदयविकार. शेजारीपाजारी बोललेच, "बेल वाजवली असणार हो. तुमची झोप गाढ." त्या एका वाक्याने बाईला आतून पोखरलं. फाटकावरचं बटण बघवेना, म्हणून ते काढून डब्यात घालून कपाटात ठेवलं. त्यानंतर काकू कधी रात्रभर झोपल्या नाहीत.

दोन दहा झाले. मीटरवर सतरा व्होल्ट, सोळाचा ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो. स्थिर.

दोन अकरा. सतरा.

दोन बारा...

शून्य.

सतरा. परत शून्य. सतरा. आणि मग शून्य... शून्य... शून्य...

सैल जोड असा वागत नाही रे. सैल जोड थरथरतो. हे कोणीतरी बटण दाबत होतं. जुन्या बेलचं बटण दाबलं की दोन तारा एकमेकींना टेकतात, आणि कॅमेऱ्याला वीज उरत नाही. पण बटण होतंच कुठे? कपाटात. डब्यात. आणि फाटकाची तार तर त्याने स्वतःच्या हाताने काढली होती.

"दोन छोट्या, एक लांब," काकू हळूच म्हणाल्या. "त्यांचीच पद्धत. त्या रात्रीही अशीच वाजवली असेल. आणि मी मेली... घोरत पडले होते." पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

टेस्टरने भिंतीवरच्या जुन्या बेलच्या डब्याकडे बघितलं.

मग म्हणाला, "काकू, बेल वाजली नव्हती."

...

"वाजूच शकत नव्हती. काका गेले त्याच्या चार दिवस आधी मी आलो होतो. बेल घूं घूं करत होती, म्हणून तुम्ही बोलावलं होतं. मी आतली एक तार काढून ठेवली. म्हटलं उद्या येऊन लावतो. आलो नाही. तुम्हाला बोललोही नाही. महिन्यापूर्वी कॅमेरा लावताना बेलचा डबा उघडला तर माझीच निळी चिकटपट्टी तारेला तशीच. मी बेलला बाजूला ठेवून कॅमेरा जोडला आणि झाकण लावून टाकलं."

काकू बघत राहिल्या. वाटलं, आता थोबाडीत देतील. त्याला तेच हवं होतं.

"म्हणजे मी जागी असते, तरी...?"

"तरी ऐकू आलं नसतं."

काकूंनी श्वास सोडला. केवढा मोठा. मग नाक पुसलं आणि भिंतीवरच्या बेलकडे बोट केलं.

"लाव ती तार. आत्ता."

टेस्टर स्टुलावर चढला. निळी पट्टी सोडवली. तार लावली. स्क्रू आवळला.

दोन एकतीस.

ट्रिंग.

...

ट्रिंग.

...

आणि मग वाजतच राहिली. थांबेचना. टेस्टरला स्टुलावरून उतरता येईना. काकू मात्र उठल्या. चालत गेल्या. कडी काढली.

बेल थांबली.

बाहेर कोणी नव्हतं. फाटक बंद. कुत्रंसुद्धा नाही.

काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या. आलं ऐकू."

त्या रात्री काकू सकाळी आठपर्यंत झोपल्या. टेस्टर स्टुलावर बसून रडला. मीटर सतरावर. त्या दिवसापासून आजतागायत ती कॅमेऱ्याची बेल एकदाही बंद पडलेली नाही, मुलीला विचारा हवं तर. आणि टेस्टर आता अर्धं काम टाकून उठत नाही, जेवण गार झालं तरी.

सकाळी काकूंनी कपाटातला डबा काढला आणि बटण त्याला दिलं. "हे तू ने." त्याच्याने ते घरात ठेववेना, म्हणून माझ्याकडे आणून टाकलं. मी स्वतः खोलून बघितलंय. स्प्रिंग चांगली आहे, गंज नाही, काही अडकलेलं नाही.

थांब, खिशातच आहे. हे घे. घाबरतोस काय, प्लास्टिकचं आहे.

दाब बघू.

... आधीच आत गेलेलं आहे ना, कोणी बोटाने दाबून धरल्यासारखं? मग बघ, तुला बाहेर काढता येतंय का.