रडक्या चेहऱ्यावरचं बोट

सोनूचं इवलंसं बोट त्या रडक्या चेहऱ्यावर टेकलं आणि सरोजाबाईंच्या काळजात धस्स झालं!

शांती नगरच्या त्या दवाखान्यात आत्ता कुठे त्यांची सून राजश्री डॉक्टरीणबाईंना मोठ्या विश्वासाने सांगत होती, की सोनूचा दमा आता एकदम कंट्रोलमध्ये आहे, आईंच्या वंदनेच्या अगरबत्त्या बंद केल्यापासून पोरगी एक रात्र खोकली नाही म्हणून. अगरबत्त्या! त्या धुरापायीच लेकराला दमा जडला असं सून बोलली होती, तेव्हा सरोजाबाईंनी तोंडातून ब्र काढला नव्हता... बुद्धांपुढे नुसती फुलं ठेवून हात जोडले होते. पुन्हा त्रास झाला तर आईंनी गावी, परभणीला गेलेलं बरं, हे सुनेचं बोलणंही त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं.

पण डॉक्टरीणबाईंनी राजश्रीचं सगळं ऐकून घेतलं आणि मग पाच वर्षांच्या सोनूलाच विचारलं. हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रं पुढे धरली, रात्री खोकल्याने जाग येते का, दाखव बघू.

"रोज येते," बोट न काढता सोनू म्हणाली. "मग आजी मला मांडीवर घेऊन बसते, तोंडाला पदर लावते. मम्मीला सकाळी ड्युटी असते ना."

आणि खेळताना? खेळताना म्हणे ती कच्चा लिंबूच असते, म्हणजे पळावं लागत नाही. अन् राजश्री, पोरगी किती शहाणी, कधी धावाधाव नाही, म्हणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये कौतुक सांगत फिरायची!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दमा मुळीच आटोक्यात नाही; आधी कळलं असतं तर औषध केव्हाच बदललं असतं. सरोजाबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! सुनेची झोप राखली, या घरातली आपली जागा राखली... आणि लेकराचा श्वास? तो आपल्याच पदराआड कोंडत होता!

"का लपवलंत, आई?" राजश्रीने विचारलं.

"लेकरापासून तोडशील म्हणून, माय..."

राजश्रीने मान खाली घातली. परभणीचं तीच बोलली होती.

संध्याकाळी वंदनेला ती सासूच्या अगदी शेजारी येऊन बसली. मध्येच सोनूला ढास लागली आणि सवयीने सरोजाबाईंचा पदर नातीच्या तोंडाकडे गेला. राजश्रीने तो हात हळूच धरला, आपल्या ओल्या गालाला लावला.

"तुम्ही कुठ्ठे जायचं नाही," ती म्हणाली. "आणि खोकू द्या तिला, आई. मला ऐकू येऊ द्या."