जुनं कुलूप आधी

माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं ते १९९८ साल. त्याच शरदात, फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानघराच्या, बंद दारापाशी एक तरुण कुडकुडत उभा होता. कमरेला टॉवेल, डोक्यावर लोकरी टोपी.

"किल्ली तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"कोटाच्या खिशातच राहिली, वर घरी..." मी म्हटलं.

"सौना, धुण्याची खोली, वाळवण्याची खोली — सगळ्यांना किल्ली एकच. एक जण आत, बाकीचे गारठतात. उद्या मी जिथे रुजू होतोय, तिथल्या संगणकाचंही असंच आहे म्हणे."

"ते कुलूप मीच फोडतेय," मी म्हटलं.

टोपीच्या कडेखालून त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि हसला. इल्मो त्याचं नाव.

आमच्या ऑफिसातल्या त्या यंत्रात प्रोसेसर, म्हणजे काम करणारे मेंदू, चार. पण कर्नलला, म्हणजे सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, कुलूप एकच. एक आत शिरला की तिघे दाराशी. मी प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप लावत होते. मेमरी माझ्याकडे, फाइली इल्मोकडे आल्या. शुक्रवारची चाचणी फसली तर माझं सगळं काम बाद होऊन ते एकच कुलूप परत येणार होतं.

गुरुवारी सकाळी यंत्र गोठलं. आम्ही पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसलो.

"तुझा भाग आधी फाइलींचं कुलूप घेतो, मग मेमरीचं," मी म्हटलं.

"आणि तुझा उलटं. म्हणजे एक माझ्या हातात, दुसरं तुझ्या —"

"आणि दोघंही एकमेकांची वाट बघत..."

कॉफी गार झाली.

"नियम करू," शेवटी मी म्हटलं. "जे आधी बनलं ते जुनं कुलूप आधी घ्यायचं, नवं नंतर. सगळ्यांनी, नेहमी."

शुक्रवारी चारही प्रोसेसर एकदम धावले. कामाचा वेग जवळजवळ चौपट. साहेबांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "वाईट नाही, सिर्क्का." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. माझी मान आपोआप ताठ झाली.

बाहेर गारठवणारा पाऊस भुरभुरत होता. इल्मोने आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

"आपण अजून वाटच बघतोय," तो म्हणाला.

"मग बोल ना."

"नियम तुझाच. जुनं आधी. माझ्याहून वर्षाने मोठी तू आहेस."

मी नियम पाळला. आधी मीच बोलले.

त्या कुलपांचा क्रम आजही तोच आहे. आमच्या घरात मात्र तो एकदा मोडला: मोठी मी, पण आधी इल्मो गेला, २०१९ च्या फेब्रुवारीत.