दोघांना पुरेल असा हॉल

नायगावच्या त्या नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर, सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीत, एक गृहस्थ कठड्यावरून इतके वाकून खाली बघत होते की सुनंदा दोन पावलं पुढे धावली.

"अहो, जरा मागे व्हा. पडाल."

"पडत नाही," ते न वळताच म्हणाले. "खाडीचं पाणी कुठवर येतं ते बघतोय. ती हिरवी रेघ दिसते? यंदा तिथवर आलं होतं. आणखी दोन-चार वर्षांत तुमच्या पार्किंगमध्ये येईल."

"माझ्या कशाला? मी अजून घेतलेला नाही."

"मग घेऊ नका." आता ते वळले. उंच, सावळे, भुवया पांढऱ्याशुभ्र, आणि हसू मात्र एखाद्या खोडकर पोरासारखं. "मी शाळेत भूगोल शिकवायचो. सवय जात नाही. फ्रेडरिक लोपीस. पुतण्यासाठी बघायला आलोय."

"सुनंदा तळेकर. परळला नर्स आहे... म्हणजे होते. मागच्याच महिन्यात रिटायर झाले."

ते कठडा सोडून तिच्याजवळ आले.

"मग चला," ते म्हणाले, "खाली चहा घेऊ. ह्या भिंतींपेक्षा बरा असतो."

एरवी ती गेली नसती. पण सप्टेंबरची भुरभुर लागली होती, छत्री रिक्षात राहिली होती आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत तिला असा सहज कुणी चहा विचारला नव्हता. तिचं लग्न राहूनच गेलं होतं. आधी भावंडांची शिक्षणं, मग आईचं आजारपण, मग लोकांनी विचारायचंच सोडलं. रुग्णालयाच्या क्वार्टर्समधली तिची खोली आता सहा महिन्यांत रिकामी करायची होती. भाऊ कणकवलीला बोलवत होता... पण वहिनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरल्यावरच त्याला बहीण आठवली होती, हे तिला कळत होतं.

"तुम्हाला कसं घर हवंय?" चहा पिताना लोपीस सरांनी विचारलं.

सुनंदाने कप खाली ठेवला. "जिथे मला कुणी हाक मारणार नाही असं. सगळा जन्म हाकेला उठण्यात गेला हो."

"कुणीच नाही?"

त्यांनी ते अशा काही सुरात विचारलं की तिने कपात बघितलं. "अगदीच कुणी नाही... असं नाही म्हणत मी."

मग दर रविवार ठरल्यासारखाच झाला. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून सर स्कूटर घेऊन वसई स्टेशनवर उभे असत, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. ती मागे बसे, एका बाजूला, मधे पर्स ठेवून. ऑक्टोबर संपेपर्यंत ती पर्स मांडीवर आली.

घरं मात्र काही पसंत पडेनात. म्हणजे सरांना पडेनात. विरारच्या घरात पाणी टँकरचं. गोखिवऱ्याच्या घरात पश्चिमेचं ऊन. कामणच्या रस्त्याला, चिंचोटीच्या अलीकडे, ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून बांधलेली एक वसाहत होती. बाग, देऊळ, कॅरम, सगळं होतं. दाखवणाऱ्या मुलीने खाटेजवळचं लाल बटण कौतुकाने दाबलं आणि बाहेर घंटी वाजली. सुनंदा दचकून दाराकडे धावली. मग स्वतःच ओशाळली.

"हे नको," सर हळूच म्हणाले आणि तिच्या कोपराला धरून तिला बाहेर घेऊन आले. झाडाखाली उभं राहून त्यांनी तिला पाणी दिलं. घाई केली नाही, काही विचारलं नाही. त्या दिवशी परळला परतताना सुनंदा आपलं कोपर हाताने धरूनच बसली होती.

"तुम्हाला एकही घर आवडत नाही, सर," एकदा तिने तक्रार केली.

"आवडलं की शोध संपेल."

"मग संपू दे की."

"आणि मी रविवारी काय करू?"

ती हसली. "मला इतकी वर्षं सगळे सिस्टर म्हणायचे. तुम्ही तेवढे बाई म्हणता."

"आमच्याकडे सिस्टर म्हणजे मठातली," सर स्कूटरचा आरसा पुसत म्हणाले. "आणि तुमच्याविषयी मनात जे येतं, ते मठातल्या बाईविषयी येणं बरं नव्हे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण लाजतो आहोत, हे तिला आरशातच दिसलं.

नोव्हेंबरच्या शेवटी वसईच्या एव्हरशाईन सिटीत एक दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. जुनी इमारत, खिडकीशी जंगली बदाम, पाणी वेळेवर. सरांनी नळ उघडले, भिंतींवर टकटक केली, आणि ह्या वेळी नाव ठेवायला त्यांना काहीच सापडेना.

"हा हॉल दोघांना पुरेल," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"दोघांना?"

"पण खरं सांगू का, सुनंदाबाई... मला फ्लॅटमध्ये झोप नाही यायची. गावात माझी वाडी आहे. केळी आहेत, विहीर आहे, ऐसपैस घर आहे. आई आहे नव्वदीची. सालोमी, माझी मुलगी, मेलबर्नला असते. बायको जाऊन आठ वर्षं झाली. कोर्टात लग्न करू. तुम्ही तुमचा देव ठेवा, मी माझा. याल?"

खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा हात होता, त्याच्याशेजारी तिने आपला ठेवला. करंगळीला करंगळी लागली... तेवढंच. पण उत्तर त्यांना मिळालं.

नाताळच्या दिवशी जेवायला या, आईची ओळख करून देतो, असं ठरलं. सुनंदाने फिक्या जांभळ्या रंगाची साडी घेतली. सरांच्या घराच्या दारात तारा लावला होता, आत केकचा वास दरवळत होता. सरांची बहीण जीना भाईंदरहून आली होती. तिने सुनंदाला दोन्ही हातांनी धरून थेट स्वयंपाकघरात नेलं.

"देवानेच पाठवलं तुम्हाला, सिस्टर," ती म्हणाली. "दिवाळीत आईला बघणारी बाई सोडून गेली. त्याआधीची दोन महिनेसुद्धा टिकली नाही. मला माझं घर आहे, किती येणार मी? फ्रेडरिक म्हणाला, थांब, लग्न झालं की घरातच नर्स असेल."

सुनंदाच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो तिने ओट्यावर अलगद ठेवला.

"आई कुठे आहेत?" तिने विचारलं.

मागच्या खोलीत सरांची आई, उर्सुला, पडून होती. वर्षापूर्वी पडली तेव्हापासून उठलीच नव्हती. खोलीत शिरताक्षणी सुनंदाला वासावरूनच जखम कळली. तिने पदर खोचला, म्हातारीला एका अंगावर वळवलं. कमरेखाली, पडून पडून झालेला, रुपयाएवढा बेडसोअर होता. तिने गरम पाणी मागवलं, कापूस मागवला. डोकं बधिर झालं होतं, पण हात आपलं काम करत होते. उर्सुलाने तिचं मनगट धरलं आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. तुझा हात किती ऊबदार आहे, एवढं तिला समजलं.

मान वर केली तर दारात सर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुनंदाने हजारदा पाहिलेलं होतं. वॉर्डात नर्स आली की रात्रभर जागलेल्या नातेवाइकांचा चेहरा असाच सैल पडतो.

हात धुऊन ती विहिरीपाशी गेली. सर मागोमाग आले.

"आई अशी आहे, हे का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. दर रविवारी ठरवायचो. मग तुम्ही हसत यायचात, आणि... भीती वाटायची."

"नायगावला तुम्ही मला चहाला विचारलंत. मी नर्स आहे हे कळल्यावर विचारलंत, सर. तेव्हा मनात काय होतं?"

सरांनी विहिरीच्या काठावर पडलेलं केळीचं पान उचलून बाजूला टाकलं.

"आई होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी आईच होती. नंतरचं सगळं तुमच्यासाठी होतं. दोन्ही खरं आहे, सुनंदाबाई."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता खोटं बोलला असतात ना... तर त्यावर विश्वास ठेवून मी राहिले असते."

ती जेवली नाही. पण जाण्याआधी दोघा भावंडांना खाटेजवळ उभं करून शिकवलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उशी कुठे द्यायची, जखम कशी पुसायची. सरांचे हात चुकीच्या जागी जात होते. तिने ते धरून नीट जागेवर ठेवले, आणि सोडले.

फेब्रुवारीत तिने एव्हरशाईन सिटीतलं तेच घर घेतलं. सरांचे फोन यायचे. आईची जखम भरत आली, एवढं ती ऐकून घ्यायची, काही सूचना द्यायची. दुसरं काही ते बोलू लागले की म्हणायची, "ठेवते हं."

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात जीनाचा फोन आला. उर्सुला गेली होती. सुनंदा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. दफन झाल्यावर माणसं पांगली आणि सर फाटकाशी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. चार महिन्यांत वाळले होते.

"शेवटपर्यंत मीच केलं आईचं," ते म्हणाले. "तुम्ही शिकवलंत तसं. आता घरात कुणी नाही. आता विचारलं तर...?"

उन्हात त्यांच्या भुवया चमकत होत्या. तिला त्या हाताने सारख्या कराव्याशा वाटल्या.

"आता मी येईनही," ती म्हणाली. "पण तुम्हाला साधी सर्दी झाली तरी माझ्या मनात येईल, मला ह्यासाठीच आणलंय. तुम्ही कितीही चांगले वागलात तरी येईल. त्या संशयाने मी तुम्हालाही छळेन आणि मलाही. मला तुम्ही आवडता, सर. म्हणून नको."

त्यांनी मान डोलावली. शिक्षकाने बरोबर उत्तर ऐकावं तशी, सावकाश. मग जीनाने त्यांना हाक मारली, आणि ते गेले.

रिक्षात बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, थोडं थांबून विचारलं, "कुठे जायचं, मॅडम?"

"एव्हरशाईन सिटी," ती म्हणाली. पुढे आपल्याच इमारतीचं नाव सांगायला तोंड उघडलं, पण ते काही केल्या आठवेना.