कडी न वाजवता

दार लोटून घे रे वेद. नि ओवी, तू हसू नकोस. आमच्या पावस गावच्या काशीरामाची हकिकत आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. मी पदरचं काही घातलेलं नाही.

काशीराम अंगाने दणकट, मनाने सरळ. पण आकडा समोर आला की गडी गार! सकाळी स्वतःची शेती बघायची नि संध्याकाळपुरतं काहीतरी काम धरायचं, असं त्याच्या मनात. फोनच्या बूथवर बसवला, तर सुट्टे परत देताना गडबडायचा. शाळेतले सोबतीच मुद्दाम मोठी नोट पुढे करून मजा बघायचे. आठवडाभरात मालकाने घरी पाठवला.

मग मालिनीवहिनींनी विचारलं. त्या मुंबईला, इथलं घर बंद. सासूबाई वारल्यापासून देवाजवळ दिवा लागत नव्हता, ते त्यांच्या मनाला लागलेलं. रोज तिन्हीसांजेला कुलूप काढायचं, दिवा लावायचा, जरा खिडक्या उघडायच्या. हिशेब कसलाच नाही. एकच बजावलं, की आत शिरण्याआधी कडी वाजवायची नि ‘येतोय हो’ म्हणायचं. बंद घरात आपण असंच जातो.

काम मिळालं, पण त्याचीही लाज. पुरुषासारखा पुरुष नि दिवाबत्ती करतो, म्हणून सोबती हसतील! बायकोला, मैनाला, त्याने गोदामावर राखण करतो म्हणून सांगितलं. नि तिन्हीसांजेऐवजी काळोख पडला की चोरासारखा जाऊ लागला.

२००२ सालची सर्वपित्री अमावस्या. कोपऱ्यावरच्या टपरीवर सोबत्यांचा अड्डा काही उठेना. काशीराम दगडी गडग्याच्या भिंतीआड डास मारत बसून राहिला. दहा वाजून गेले, टपरी बंद झाली, तेव्हा निघाला. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून कडी वाजवली नाही. तोंडही उघडलं नाही. हळूच कुलूप काढून आत शिरला.

देवाजवळ दिवा पेटलेला होता.

समोर कुणीतरी बसलेलं. पाठमोरं. पांढरं लुगडं...

वहिनी आल्या असतील? पण कुलूप तर बाहेरून होतं. चावी त्याच्याच हातात.

“कडी का नाही वाजवलीस?”

म्हातारीचा आवाज. शांत.

काशीराम उंबऱ्याशीच थबकला...

“माझ्या घरात दिवा लावायची लाज वाटते?”

त्याची मान खाली गेली. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली, असं तो मला सांगायचा. कान तापले. “मला हिशेब जमत नाही... दुसरं काम कोण देणार,” एवढं कसंबसं बोलला.



मान वर केली. दिवा नव्हता. पाठ नव्हती. नुसता काळोख... लुगड्याची सळसळ... जवळ... आणखी जवळ...

दार उघडं टाकून पळाला.

घरी येऊन मैनासमोर ढसाढसा रडला. सगळं सांगितलं, गोदामाचं खोटंही. तिला कामाचं काहीच वाटलं नाही. “माझ्यापासून लपवलंत?” एवढंच म्हणाली. ते त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला, तर ऐन वेळी तिनेही पायात चपला घातल्या. उजेडात, टपरीसमोरून दोघं गेली. कुणीतरी विचारलंच, कुठे म्हणून. “दिवा लावायला,” काशीराम म्हणाला. तोंड लाल झालं, पण म्हणाला.

दार लोटलेलं होतं. त्याने कडी वाजवली. “येतोय हो!”

आत माजघरात पाट मांडलेला. त्यावर पाण्याने भरलेला तांब्या, बाहेरून थंडगार. शेजारी वाटीत गूळ. बंद घर, उघडा गूळ, नि त्याला एक मुंगी लागलेली नाही.

मैना येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं तिलाही नव्हतं.

वाटीत गुळाचे खडे दोन होते.