तिसरा खड्डा

ऑफिसात तिला सगळे खड्डेवाली म्हणायचे. काम तसंच होतं तिचं. लांबच्या एका ताऱ्याचा उजेड मोजून अवकाशातली दुर्बीण आकडे पाठवायची, रोज दुपारी बाराला, आदल्या दिवसाचे. त्या आकड्यांची रेघ काढायची आणि रेघेत कुठं खड्डा पडलाय ते बघायचं. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड जरासा कमी होतो, रेघ खाली जाते. ग्रह सरकला की रेघ परत वर. झाला खड्डा. सारख्या अंतरानं तीन खड्डे पडले की ग्रह पक्का. दोनच पडले तर चहा प्या आणि गप्प बसा, असं शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणायचा. "नगरपालिकेला दारातले सापडत नाहीत, हिला दोनशे प्रकाशवर्षांवरचे खड्डे दिसतात," हा विनोदही त्याचाच, आठवड्यातून दोनदा.

नोकरी एका वर्षाच्या करारावर होती आणि वर्ष संपायला पंधरा दिवस उरले होते. त्या ताऱ्याचे दोन ग्रह आधीच पक्के झालेले. एक तीन दिवस नऊ तासांनी यायचा, दुसरा अकरा दिवसांनी. तिसरा मात्र हिनं एकटीनं शोधला होता. मोठा, संथ, सहा-सहा तास ताऱ्यासमोर रेंगाळणारा. पण खड्डे दोनच, मधे सत्तेचाळीस दिवस. तिसरा खड्डा येत्या गुरुवारी सकाळी दहा वीसला पडायला हवा होता.

"पडला तर तू कायम," ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "नाही पडला तर मी काय करू, तूच सांग."

घरी ती आणि आई, दोघीच. आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, भिंतीला कपड्यांचे ढीग. कोट, पडदे, शाळेचे गणवेश, येईल ते. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि त्यात भर म्हणून एक वेगळंच काहीतरी. अधूनमधून त्या डोळ्यासमोरून काहीतरी आडवं जायचं. अंधारी नाही, चक्कर नाही. "दिव्यासमोरून कुणी गेलं की कसं होतं, तसं," आई म्हणायची. डोळ्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते म्हणाले, वेळा लिहून ठेवा, आणि ऑपरेशनला बुधवार दिला. उशीर करू नका, हेही बजावलं.

आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन महिन्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, कोपऱ्या-कोपऱ्यात, बारीक अक्षरात. रविवारी दुपारी लेक त्या वेळा डॉक्टरांसाठी नीट टाइप करायला बसली. आता हाताची सवय बघा. वेळांची यादी समोर आली की हिचा हात आपोआप ऑफिसच्या प्रोग्रॅमकडंच जाणार. टाकली यादी. ठराविक अंतर निघतंय का, बघू तरी.

निघालं. तीन दिवस नऊ तास. आणि अकरा दिवस.

तिला वाटलं, आपण चुकून ताऱ्याचेच आकडे चिकटवले. सगळं पुसलं, पुन्हा एकेक वेळ कॅलेंडरवर बोट ठेवून भरली. तेच निघालं. दोन वेळांपुढं आईनं लिहिलं होतं, "मोठं. बसून राहिले." त्या दोन तारखांच्या मधे सत्तेचाळीस दिवस होते.

तो उजेड ताऱ्याकडून निघाला तेव्हा आईची पणजीसुद्धा जन्मली नव्हती. त्याचा आईच्या डोळ्याशी काय संबंध, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं. सोमवारी तीन दहाला पहिल्या ग्रहाची वेळ होती. ऑफिसात ती घड्याळ आणि फोन समोर ठेवून बसली. तीन दहाला फोन वाजला.

"आलं बघ आत्ता," आई म्हणाली. "तूच म्हणालीस ना, आलं की कळव."

यावर तिनं काय करावं? विश्वास तिचा बसलाच नव्हता, खरं सांगायचं तर. पण बुधवारी आईच्या डोळ्यातलं भिंग काढलं आणि गुरुवारची रेघ सपाट आली तर? आठवड्याचाच तर प्रश्न. तिनं दवाखान्यात फोन करून ऑपरेशन पुढच्या बुधवारवर ढकललं.

"डॉक्टरांना वेळ नाहीये," तिनं घरी सांगितलं.

"डॉक्टरांना, का तुला?" आई म्हणाली. मग सुई दिव्यासमोर धरून म्हणाली, "जाऊ दे. गणवेशांची घाई आहेच."

गुरुवारी लेकीनं रजा टाकली. दहा वीसला आईचा पाय मशीनवर थांबला.

"आलं."

"कसं दिसतं गं?"

"दिसतं काय, डोंबल. जातं आपलं आडवं. पाठ करून."

पाठ, हे आई आधी कधीच बोलली नव्हती.

"ग्रहाला पाठ नसते, आई."

"ग्रह कुठला? माझे ग्रह फिरलेत ते निराळे," आई हसली आणि उजव्या डोळ्यानं शिवायला लागली.

चार वीसला संपायला हवं होतं. साडेचार झाले. पाच झाले.

"गेलं?"

"नाही."

सहाला आईनं मशीनवर झाकण ठेवलं. हात मांडीवर घेऊन बसली.

"थांबलंय," ती म्हणाली. "आणि वळलंय."

शुक्रवारी बाराला आकडे आले. रेघ दहा वीसला खाली गेली होती, अगदी वेळेवर. परत वर आलीच नव्हती.

"पडला ना खड्डा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"याला खड्डा नाही म्हणत," दाढीवाला म्हणाला. "खड्ड्याला पलीकडचा काठ असतो." त्यानं रेघेच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. "आडवं जाणारं असं थांबत नाही. सरळ आपल्याकडं येत असेल तरच असं दिसेल." मग तो हसला, आणि दुर्बीणवाल्यांना यंत्र तपासायला कळवलं.

यंत्र ठीक होतं. शनिवारी रेघ आणखी खाली होती. सोमवारी त्याच्याही खाली. असं काही आजवर कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून मंगळवारी मोठ्या बाईंनी तिला कायम केल्याचं पत्र दिलं.

घरी आईची काही तक्रार नव्हती.

"उजव्यानं दिसतंय ना?"

"छान दिसतंय."

"आणि डाव्यानं?"

"डाव्यानंही दिसतंय," आई म्हणाली, आणि उठून भात टाकायला गेली.

बुधवारी सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली. लेक चपला घालून पुढच्या खोलीत आली आणि तिथंच थांबली.

मशीन कोपऱ्यात सरकवलेलं होतं. सबंध जमिनीवर कटिंगचा तपकिरी कागद पसरलेला, तुकड्याला तुकडा टाचणीनं जोडून, दारापासून खिडकीपर्यंत, तिथून वळून स्वयंपाकघरात. त्यावर खडूची एकच बाकदार रेघ. आई गुडघ्यांवर बसली होती. गळ्यात टेप. उजवा डोळा फडक्यानं बांधलेला.

"आई, गाडी आलीय."

"आज नको. माप अर्धं राहील."

"कुणाचं माप?"

आईनं मान वर केली. गिऱ्हाईक समोर उभं असावं तसं खिडकीकडं डाव्या डोळ्यानं नीट पाहिलं, आणि रेघ आणखी हातभर पुढं ओढली.

"एवढा कोट?" लेकीनं विचारलं.

"कोट कुठला," आई म्हणाली. "नुसता खांदा आहे हा."