दोन थापा

सिनेमावाले तिला पाठीमागे 'कात्री' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं ती एकाच वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहीत आली होती, आणि एवढ्या काळात तिच्या मजकुरावर एकदाही खुलासा छापायची वेळ आली नव्हती. पडद्यावर दिसलं तेच लिहायचं आणि लिहिलं त्यावर ठाम राहायचं, एवढंच तिचं शास्त्र.

त्या दिवशी सकाळी दहाचा खेळ खास समीक्षकांसाठी होता. थिएटरात मोजून सहा डोकी. शेजारचा जाडा समीक्षक सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आत घोरायला लागला. सिनेमा निंजांचा होता. नखशिखांत काळे कपडे घातलेले, फक्त डोळे उघडे असलेले मारेकरी, एक म्हातारा गुरू, बापाचा सूड घ्यायला निघालेली मुलगी, आणि भिंतीत खचाखच रुतणारी चांदणीच्या आकाराची पाती. कथेत काही दम नव्हता. मुलीच्या हातात तलवार मात्र शोभत होती. कात्रीने अंधारातच वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गुरू मरायला फार वेळ घेतो.'

मध्यंतरानंतर घंटाघराच्या छपरावरची मारामारी आली तेव्हा ती सावरून बसली. मारामारीतलं तिला कळायचं, आणि ते काही पुस्तकं वाचून नव्हे. तिचा मोठा भाऊ स्टंटमन होता. लहानपणी दादा माळ्यावरून उड्या मारायचा सराव करायचा आणि खाली गाद्या रचायचं काम हिच्याकडे. उडी मारण्याआधी तो उजव्या मांडीवर दोन थापा मारायचा. म्हणजे, 'सरक.' ती सरकायची. दादा डाव्या खांद्यावर कोलांटी घेऊन हसत उठायचा. एकोणीस वर्षांपूर्वी एका चित्रीकरणात तो असाच उंचावरून पडला आणि उठलाच नाही. त्या सिनेमातून तेवढा भाग काढून टाकला होता. दादाची शेवटची उडी घरच्या कुणी कधी पाहिली नाही.

पडद्यावर मुलीने एका निंजाच्या छातीत लाथ घातली. दृश्य बदललं. तोच निंजा आता छपराच्या अगदी कडेला, पाठमोरा उभा होता. त्याचा उजवा हात खाली आला. मांडीवर दोन थापा. मग तो कलला आणि चाळीस फूट खाली गेला.

कात्रीची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली राहिली.

रडणं-बिडणं तिच्या स्वभावात नव्हतं. खेळ संपेपर्यंत तिने डोक्यात सगळं नीट लावलं. दादाने कितीतरी पोरांना तयार केलं होतं, त्यातल्याच एकाने ही लकब उचलली असणार. सबंध सिनेमातली सर्वांत देखणी उडी त्याची होती आणि परीक्षणात त्याचं नाव यायलाच हवं होतं. शेवटच्या नामावलीत फाइट मास्टरचं नाव वाचून तिला हायसं वाटलं. तो दादाचाच चेला. बाहेर येऊन तिने त्याला फोन लावला.

तिचं सगळं मास्टरने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, फोनवर नको. तालमीत या."

तालीम म्हणजे एक जुनं गोदाम. आत रबरी चटया, लोंबकळणारे दोर, घामाचा आणि मलमाचा वास. मास्टरचा एक गुडघा कामातून गेला होता, तरी तिला पाहून तो काठी टेकत उठला.

"कोण आहे तो मुलगा?" तिने बसायच्या आधीच विचारलं. "सहाला मजकूर द्यायचाय मला."

"कोणता मुलगा?"

"वेड पांघरू नकोस. छपरावरून पडतो तो."

मास्टरने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. स्वतःच्या कपाला हात लावला नाही.

"तिथून कुणी पडलं नाही, ताई. दादा गेला त्या दिवशी मी कानाला खडा लावला. एवढ्या उंचीवरून मी माणसाला उडी मारू देत नाही. ती डमी होती. चिंध्या भरलेली."

"डमी हात हलवत नाही."

"नाही हलवत," तो म्हणाला, आणि त्याने संगणक तिच्याकडे वळवला.

न कापलेलं चित्रीकरण होतं. छपराच्या कडेला डमी एका फळीला टेकवून ठेवलेली. मागे दोन माणसं पोटावर झोपलेली, हातात डमीला ढकलायची लांब काठी. कुणीतरी ओरडलं, "तयार?"

डमीचा उजवा हात खाली आला. थप. थप. आवाजही स्पष्ट आला होता.

"आता काठीकडे बघा," मास्टर हळूच म्हणाला.

काठी डमीपासून अजून हातभर दूर होती. डमी त्याआधीच कलली. खाली डाव्या खांद्यावर पडली, एक कोलांटी खाल्ली, आणि मग चिंध्यांच्या गाठोड्यासारखी पाय वाकडे करून पडून राहिली.

कात्रीने ते तीनदा पाहिलं.

"वारा असेल," ती म्हणाली.

"मीही सगळ्यांना तेच सांगितलं."

तिने पिशवीतून वही काढली, तिथेच टेबलाशी बसून परीक्षण लिहून काढलं आणि फोनवर संपादकांना वाचून दाखवलं. कथेची सालटी काढली, मुलीचं कौतुक केलं, आणि शेवटी लिहिलं की छपरावरची उडी या सिनेमातली खरी कलाकृती आहे. पुढे दादाचं पूर्ण नाव.

संपादक घुटमळले. "हे तुमचे बंधू ना? ते तर..."

"हो."

"उद्या खुलासा छापावा लागला तर?"

"नाही लागणार. मला जे दिसलं ते लिहिलंय."

तिचा आवाज जराही हलला नाही. संपादकांनी पुढे वाद घातला नाही. तिने फोन ठेवला आणि मास्टरकडे वळली.

"आहे कुठे ती डमी?"

"मागच्या खोलीत. ताई, राहू द्या."

ती उठली होती.

मागची खोली लहान होती. छताच्या काचेतून स्वच्छ ऊन येत होतं. डमी कोपऱ्यात एका चटईवर उताणी ठेवली होती, कुणाला झोपवावं तशी. कात्री गुडघ्यांवर बसली. दंड दाबून पाहिले. चिंध्या. छाती दाबली. चिंध्या. बाह्या वर केल्या, कुठे तार नाही, दोरी नाही.

"चिंध्याच आहेत," ती म्हणाली.

मास्टर दारातच उभा राहिला. आत आला नाही.

तिने डोक्यामागची गाठ सोडून तोंडावरचं काळं फडकं काढलं. खाली पांढरं कापड होतं, टाके घालून शिवलेलं. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

"काही नाही इथे."

"फडकं बघा," मास्टर म्हणाला. "आतल्या बाजूने."

तिने ते उलटं केलं.

मधोमध, ओठ यायला हवे होते तिथे, कापड ओलं होतं. तिने बोट लावलं. कोमट होतं.

"रोज सकाळी कोरडं बांधतो मी," मास्टर म्हणाला.